गाडी टायर खाते म्हणजे नेमकं काय होतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा जे हेडफोन घरी विसरून एसटीत बसलेत, त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे लिहून काढलेला भाग. बोलताना मी जिथे फारच अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं.

आजचा विषय आहे टायर. हो, गाडीचा टायर. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. तुमच्या घरी चारचाकी नसेल, दुचाकी असेल, तरी ऐका. कारण या विषयाने आमच्या घरात एकदा चांगलंच घाबरवून सोडलंय.

माझे बाबा टुरिस्ट गाडी चालवतात. पिवळ्या नंबरप्लेटची छोटी सेडान. सातारा ते पुणे, पुण्याचं विमानतळ, कधी पंढरपूर, कधी महाबळेश्वर. गाडीवर बँकेचे हप्ते अजून चालू आहेत, त्यामुळे आमच्याकडे टायर, डिझेल आणि टोल हे विषय जेवतानाही निघतात. दोन वर्षांपूर्वी बाबांनी पुढचे दोन टायर नवे टाकले. ४० हजार किलोमीटर तरी जातील असा त्यांचा हिशोब होता. टायर १८ हजारांतच संपले. आणि गंमत बघा, मागचे दोन टायर त्याच्याही आधीचे, वयाने मोठे, आणि त्यांची नक्षी अजून शाबूत.

बाबांचा निकाल तयार होता. "आजकालचा मालच असला येतो." दुकानदाराने काहीतरी गळ्यात मारलं असणार, असं आईचं मत. मीही मान डोलावली. मला तरी कुठे काय कळत होतं!

खरं काय ते कळलं एका खिळ्यामुळे. संध्याकाळी घरी येताना डाव्या पुढच्या चाकात खिळा घुसला. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांना चौघांना घेऊन महाबळेश्वरला जायचं होतं. आजी, आजोबा, त्यांची सून आणि एक लहान मुलगी. म्हणून मी आणि बाबा रात्रीच हायवेच्या कडेच्या पंक्चरवाल्या काकांकडे गेलो. काकांनी चाक काढलं, आडवं केलं, खिळा उपटला. मग त्यांनी टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं आणि थांबले.

"दादा, पंक्चर काढून देतो, पण हा टायर लावू नका. हात लाव की रं इथं, पोरा."

मी हात लावला. बाहेरच्या कडेला खाचा नीट हाताला लागत होत्या. मधे त्या उथळ झाल्या. आतल्या कडेला आल्यावर टायर पाटीसारखा गुळगुळीत, आणि एका ठिकाणी बोटाला काहीतरी टोचलं. तार. रबर संपून आतली पोलादी तार वर आली होती.

बाबा रोज सकाळी गाडी पुसतात. टायरसुद्धा पुसतात. पण उभ्या गाडीच्या टायरची बाहेरची कडच आपल्याला दिसते. आतली कड गाडीच्या पोटाकडे असते, तिकडे कोण बघतंय! बाबांनी विचारलं, "टायर खराब दिला का हो?" काका म्हणाले, "टायरचं काय चुकलं नाही. तुमची गाडी टायर खातीय."

हे वाक्य तुम्हीही गॅरेजमध्ये ऐकलं असेल. पण खाते म्हणजे नेमकं काय होतं? एकाच गाडीचे चार टायर, तोच रस्ता, तेवढेच किलोमीटर, मग प्रत्येकाची झीज वेगळी का? मी त्यानंतर बरेच दिवस हेच खोदत बसलो होतो. तेच आज सांगतोय.

चार मोबाईलवर उभी असलेली गाडी

आधी एक छोटा हिशोब. समजा तुमची गाडी साधारण १,००० किलोची आहे. म्हणजे सरासरी एका चाकावर २५० किलो. टायरमध्ये हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलोचा दाब. भागाकार करा. एका टायरचा जमिनीला टेकलेला भाग येतो ११० चौरस सेंटिमीटरच्या आसपास.

हे केवढं झालं? तुमच्या हातातल्या मोबाईलच्या स्क्रीनएवढं. जमिनीवर चार मोबाईल ठेवलेत आणि त्यांच्यावर पूर्ण गाडी, पाच माणसं आणि डिकीतल्या बॅगा उभ्या आहेत असं समजा. ब्रेक, वळण, वेग, सगळं त्या चार स्क्रीनएवढ्या जागेतून होतं.

आता दुसरा हिशोब, हा मला फार आवडतो. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. १.६ मिलिमीटर उरली की टायर बदलायचा. म्हणजे वापरायला मिळालं ६.४ मिलिमीटर रबर. चाकाचा एक फेरा पावणेदोन-दोन मीटरचा. ४० हजार किलोमीटरमध्ये चाक दोन कोटींहून जास्त वेळा फिरतं. ६.४ मिलिमीटरला दोन कोटींनी भागलं तर एका फेऱ्याला झीज येते साधारण ०.३ नॅनोमीटर. म्हणजे एखाद-दोन अणूंच्या जाडीइतकी!

म्हणून लक्षात घ्या, चांगला टायर एका फेऱ्याला जवळजवळ काहीच गमावत नाही. पण हे 'जवळजवळ काहीच नाही' कोट्यवधी वेळा होतं. त्यामुळे एका चाकाच्या बाबतीत काहीतरी अगदी थोडंसं वेगळं असलं, तरी वर्षभराने तो फरक हाताला लागतो.

खोडरबर आठवा

शाळेतलं खोडरबर आठवतंय ना? ते कागदावर नुसतं दाबून धरलं तर झिजत नाही. कितीही जोरात दाबा. ते झिजतं कधी? घासल्यावर.

टायरचं तसंच आहे. चाक सरळ, मोकळं फिरत असतं तेव्हा रबराचा प्रत्येक तुकडा रस्त्याला टेकतो, दबतो आणि उचलला जातो. त्यात घासणं फार कमी. पण तुम्ही ब्रेक मारला, जोरात वेग घेतला किंवा वळलात की टेकलेला तुकडा ताणला जातो, आणि रस्ता सोडता सोडता थोडासा घसरतो. ही घसरण म्हणजे झीज. आणि ती सरळ हिशोबात वाढत नाही. वळणावर ओढ दुप्पट झाली की झीज दुपटीपेक्षा बरीच जास्त होते. म्हणूनच एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एक शांतपणे चालवणाऱ्याची आणि एक सिग्नल सुटला की उडी मारणाऱ्याची, यांच्या टायरच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

तर मग प्रश्न असा झाला: कुठलं चाक जास्त घासलं जातं, आणि त्याची कुठली बाजू?

पुढचे आधी का संपतात?

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. इंजिनही पुढेच. त्यामुळे गाडीचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन चाकांवर. गाडी ओढायची कुणी? पुढच्यांनी. वळवायची कुणी? पुढच्यांनी. ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली जातं, वजन पुढे सरकतं, म्हणजे ब्रेकचं ७० टक्के किंवा त्याहून जास्त कामही पुढच्यांनीच करायचं. मागची चाकं बिचारी मागून येतात, गाडीला सरळ धरून ठेवतात.

थोडक्यात, पुढचे टायर मागच्यांच्या आधी झिजणं हा दोष नाही, तो कामाचा हिशोब आहे. बाबांच्या गाडीतही तेवढा फरक पडणारच होता. पण पुढचे टायर ४० ऐवजी १८ हजारांत संपले आणि तेही एकाच कडेने, हे मात्र नेहमीचं नव्हतं.

इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांसाठी जाता जाता एक गोष्ट. बॅटरीमुळे त्या गाड्या जड असतात आणि पायाचा दाब पडला की सगळी ताकद एकदम चाकाला मिळते. त्यामुळे तिथे टायर लवकर झिजला तर दचकू नका, पण पाय थोडा हलका ठेवा.

फेंगडी चालणारी गाडी

आता मुख्य गोष्ट. उभे रहा आणि दोन्ही पायांचे चवडे थोडे बाहेर वळवून फेंगडं चाला. जायचंय सरळ, पण पाय बघतायत दोन दिशांना. दहा पावलांत चपलेची आतली कड जमिनीला घासायला लागेल.

गाडीची पुढची चाकं वरून बघितली तर जवळजवळ एकमेकांना समांतर असायला हवीत. ती पुढच्या बाजूने बाहेर फाकली तर टायरची आतली कड झिजते. आत वळली तर बाहेरची. गॅरेजमध्ये याला 'टो' म्हणतात. व्हील अलाइनमेंट करतात तेव्हा मुख्यतः हाच कोन जुळवतात.

हा कोन किती छोटा असतो बघा. समजा चाक एका अंशाच्या फक्त दहाव्या भागाने वाकडं आहे. डोळ्यांना दिसणारच नाही. तरी दर किलोमीटरला ते चाक पावणेदोन मीटर आडवं ओढलं जातं. कोन अर्धा अंश झाला तर दर किलोमीटरला जवळपास पावणेनऊ मीटर. सातारा ते पुणे एका खेपेला म्हणजे जवळपास एक किलोमीटर! एका फेऱ्याला एखाद-दोन अणू झिजणाऱ्या रबराला तुम्ही एवढं आडवं ओढलंत तर ते टिकेल कसं?

या झिजेची ओळख हाताने होते. टायरवरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचलं, तर टो बिघडलाय.

दुसरा कोन 'कॅम्बर'. गाडी समोरून बघितली तर चाक उभं आहे का वरून आत-बाहेर झुकलंय, तो हा कोन. चाक वरून आत झुकलं की वजन आतल्या कडेवर येतं आणि ती कड झिजते. बाहेर झुकलं की उलट.

आणि हे कोन बिघडतात कशाने? खड्डा. गतिरोधकावरून आपटणं. फुटपाथच्या कडेला चाक घासून गाडी लावणं. किंवा नुसतं वय: टाय रॉड एंड ढिला होतो, लोअर आर्मचा रबरी बुश फाटतो, आणि चाक स्वतःच्या जागेवर घट्ट उभं राहत नाही.

बाबांच्या गाडीत नेमकं हेच निघालं. डाव्या चाकाचा टाय रॉड एंड खेळत होता आणि लोअर आर्मचा बुश गेला होता. डाव्याच बाजूचा का? आपण डावीकडून गाडी चालवतो. आमच्याकडच्या अरुंद रस्त्यांवर समोरून ट्रक आला की डावं चाक डांबर सोडून मुरुमावर उतरतं, आणि मग त्या कडेवरून धाडकन परत वर चढतं. बाबा हे दिवसातून कितीतरी वेळा करतात. सगळेच करतात. प्रत्येक वेळचा तो धक्का डाव्या बाजूलाच.

आणि याची एक खूण कित्येक महिने समोर होती. सरळ रस्त्यावर गाडी सरळ जात होती, पण स्टिअरिंगवरचं चिन्ह किंचित तिरकं असायचं. मी एकदा बाबांना विचारलंही होतं. ते म्हणाले, "हाताला सवय झालीय." सवय झाली, हेच तर झालं.

हवा जास्त, हवा कमी

ही झीज ओळखायला सगळ्यात सोपी. हवा कमी असेल तर टायर मधे दबतो आणि दोन्ही कडा जमिनीवर जोर देतात, म्हणून दोन्ही कडा एकदम झिजतात. हवा जास्त असेल तर टायर मधे फुगतो आणि मधला पट्टा झिजतो. दोन्ही कडा म्हणजे हवा कमी, मधोमध म्हणजे हवा जास्त, एकच कड म्हणजे अलाइनमेंट. एवढं तरी लक्षात ठेवा.

कमी हवेचा धोका झिजेपुरता नाही. दबलेला टायर प्रत्येक फेऱ्याला वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो, आणि त्यातून तापतो. उन्हाळ्यात, भरलेल्या गाडीत, हायवेच्या वेगाने तो एवढा तापू शकतो की फुटतो.

इथे आमच्या घरातली आणखी एक चूक कबूल करतो. बाबा हवा नेहमी पुण्याजवळच्या पंपावर बघायचे. म्हणजे शंभर किलोमीटर चालून टायर तापल्यावर. हवा तापली की तिचा दाब वाढतो, दर १० अंशांना साधारण दीड पीएसआय. गरम टायरमध्ये ३२ दिसले की बाबा खूश. पण तोच टायर रात्री गार झाला की २८-२९ वर यायचा. कंपनीने सांगितलेला आकडा गार टायरसाठी असतो. तो बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. टायरच्या अंगावर जो दाबाचा आकडा असतो तो जास्तीत जास्त किती चालेल त्याचा असतो, तेवढी हवा भरायची नसते!

खड्ड्याखड्ड्यांनी झिजलेला टायर

कधी कधी टायरवर हात फिरवला की उंच-सखल लागतं. एक वाटी, मग उंचवटा, मग पुन्हा वाटी. ही ओळख गेलेल्या शॉकअपची. शॉकअप थकला की चाक रस्त्यावर टेकून राहत नाही, बारीक उड्या मारतं, आणि जिथे जिथे आपटतं तिथे झिजतं. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं असेल तरी असंच होतं. त्यात एका ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं. आतून घूं घूं आवाज येतो आणि लोक बेअरिंग बदलून बसतात.

आणि घाट? घाटात उजवीकडे वळताना गाडीचं वजन डाव्या चाकांवर जातं, डावीकडे वळताना उजव्या. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा पुढचा टायर आपल्या बाहेरच्या कडेवर दाबला जातो. रोज घाट करणाऱ्या गाड्यांच्या पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा त्यामुळेच आधी गोल होतात. तिथे अलाइनमेंटला दोष देण्याआधी रस्ता कुठला आहे ते आठवा.

दुचाकीवाल्यांनो, तुमचं काय?

तुमच्या गाडीत चित्र उलटं. ताकद मागच्या चाकाला, मागे बसणाऱ्याचं वजनही मागच्यावर, म्हणून मागचा टायर आधी संपतो. आणि रोज सरळ रस्त्यानेच कॉलेजला किंवा ऑफिसला जात असाल तर तो मधोमध चपटा होतो. चपट्या टायरची गाडी वळवताना एक विचित्र झटका जाणवतो, कारण चपट्या भागावरून कडेच्या गोलाईवर ती एकदम पडते. असं वाटायला लागलं तर स्वतःच्या चालवण्याला दोष देऊ नका, आधी टायर बघा.

एवढं मनावर का घ्यायचं?

एक गोष्ट ऐकून नवल वाटेल. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायर चांगला चिकटतो. शर्यतीच्या गाड्यांना कोरड्यात बिननक्षीचेच टायर असतात. मग नक्षी कशासाठी? पाण्यासाठी. त्या खाचा टायरखालचं पाणी बाजूला फेकतात. खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर पडायला जागा उरत नाही, टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि तरंगतो. त्या क्षणी स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही नावापुरते. आपल्याकडे चार महिने पाऊस. बाकी सांगायची गरज नाही.

चारचाकीसाठी आपल्या नियमात १.६ मिलिमीटरची मर्यादा आहे. ती मोजायला पट्टी लागत नाही. टायरच्या खाचांत आडव्या छोट्या पट्ट्या असतात. टायरच्या बाजूला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं शोधा, त्याच रेषेत खाचेत बघा. नक्षी त्या पट्टीच्या पातळीला आली की टायर संपला. पण पावसाळ्यात तिथपर्यंत थांबू नये. ३ मिलिमीटरच्या आसपास आला की बदलावा असा सल्ला अनेक जाणकार देतात.

समृद्धी महामार्गाचं उदाहरण घ्या. ७०१ किलोमीटरचा रस्ता, मोठा भाग सरळसोट, छोट्या गाड्यांना १२० ची मर्यादा. तासन्‌तास एकाच वेगाने पळणारा टायर तापतच राहतो. २०२३ मध्ये तिथे अपघात वाढले तेव्हा आरटीओने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली, आणि घासलेल्या टायरच्या गाड्या आत सोडल्या नाहीत. चांगलंच केलं. पण मला राहून राहून वाटतं, बाबांची गाडी तिथे उभी असती तर? बाहेरून बघणाऱ्याला आमचा टायर ठीकच दिसला असता.

आता तुमचा मोबाईल काढा

म्हणून हे काम तुम्हीच करायचंय, आणि त्यासाठी लागणारी वस्तू तुमच्या हातातच आहे.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि गाडी बंद करा. मोबाईलवर व्हिडिओ सुरू करा, टॉर्च लावा, आणि हात चाकामागे नेऊन आतली कड हळूहळू टिपा. मग दुसरी बाजू. मागच्या चाकांसाठी जमिनीजवळ वाकावं लागेल, कपडे मळतील, मळू द्या. गाडी नुकतीच चालून आली असेल तर आधी थोडं थांबा, आतला भाग तापलेला असतो. मग घरात बसून व्हिडिओ बघा. चार टायर, प्रत्येकाची आतली कड, मधला पट्टा, बाहेरची कड. बारा जागा. दहा मिनिटांचं काम.

सोबत टायरच्या बाजूवरचा चार आकड्यांचा शिक्काही बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. कमी वापरलेला टायर झिजत नाही, पण रबर वयाने कडक होतं आणि भेगा पडतात. ५-६ वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, १० वर्षं झाली की नक्षी कितीही असो, त्याला निरोप द्या.

दर ८-१० हजार किलोमीटरला टायरची अदलाबदल करा, म्हणजे पुढचे मागे आणि मागचे पुढे. चौघांत काम वाटलं जातं. पण एक लक्षात ठेवा, अलाइनमेंट बिघडलेली असताना नुसती अदलाबदल केलीत, तर गाडी आणखी दोन टायर खाईल, एवढंच.

आणि दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर? आपल्याकडे सगळे पुढे टाकतात. बाबांनीही तेच केलं होतं. पण टायर कंपन्या सांगतात की जास्त नक्षीचे टायर मागे टाका. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, तुम्ही घाबरून वेग कमी करता आणि सावरता. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. पुढचे दोघे जेमतेम असतील तर मात्र चारही बदलायचाच विचार करा.

त्या रात्रीचं पुढे काय झालं

बाबांनी काकांच्या दुकानातून स्टेपनी लावून घेतली. मग तिथेच उभं राहून पाहुण्यांना फोन केला आणि सांगितलं, गाडीत काम निघालंय, उद्याची दुसरी गाडी लावून देतो. ओळखीच्या एका चालकाला ती खेप दिली. त्या दिवसाची कमाई गेली. घरी येईपर्यंत बाबा काही बोलले नाहीत.

दोन दिवसांनी टाय रॉड एंड, बुश, अलाइनमेंट, मजुरी असं सगळं धरून साडेतीन हजार गेले. वर दोन नवे टायर, नऊ हजार. मी हिशोब मांडला. १८ हजार किलोमीटर चाललेला जोड आम्हाला किलोमीटरला ५० पैशांना पडला होता. तोच ४० हजार चालला असता तर साडेबावीस पैशांना. बाबांनी कागद बघितला आणि म्हणाले, "पैशाचं सोड. ती पोरगी मागच्या सीटवर बसली असती."

आता दर महिन्याच्या एक तारखेला बाबा सकाळी गाडी पुसून झाली की मला हाक मारतात. मी टॉर्च लावून व्हिडिओ काढतो, ते चहाचा कप घेऊन बघतात. परवा चाकामागे हात घालून स्वतःच बोट फिरवत होते. आमचा हा टायरचा जोड २६ हजारांवर गेलाय, आणि आतली कड, मधला पट्टा, बाहेरची कड, तिन्ही जागी नक्षी सारखीच लागते.

तर मंडळी, आजचा भाग इथेच थांबवतो. ऐकून झालं असेल, वाचून झालं असेल, तर मोबाईल खिशात ठेवू नका. खाली पार्किंगमध्ये जा. बाबांची, काकांची, दादाची, ज्याची कुणाची गाडी उभी असेल तिच्या चाकामागे एकदा उजेड टाका. पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत सावकाश चालवा, काळजी घ्या.